कंबरेला परवान्याचं पिस्तूल आणि मागे पोलिसांचे दिवे: अमेरिकेतल्या मराठी चालकांसाठी

अमेरिकेत पोलिस गाडी थांबवतो तेव्हा आतल्या माणसाकडे पिस्तूल असू शकतं हे धरूनच तो खिडकीपाशी येतो. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना काढावा लागतो, तो फार थोड्यांकडे असतो, आणि चौकातल्या हवालदाराच्या मनात समोरच्या स्कूटरवाल्याकडे रिव्हॉल्व्हर असेल अशी शंकाही येत नाही. म्हणून तिथे शिट्टी वाजली की आपण गाडी कडेला घेतो, उतरतो, कागद काढत काढत त्याच्यापाशी जातो, आणि "साहेब, काय झालं?" म्हणून बोलायला लागतो. इथे यातली एकेक हालचाल धोक्याची आहे. उतरणं धोक्याचं, चालत जाणं धोक्याचं, खिशात हात घालणं सगळ्यात धोक्याचं. त्यात कंबरेला खरोखरच पिस्तूल असेल, तर या सवयी मोडण्याचं काम घरी, आधीच करून ठेवावं लागतं.

परवाना तुमच्या बाजूने उभा राहतो तो कोर्टात. रस्त्याच्या कडेला, पहिल्या दोन मिनिटांत, तुमच्या बाजूने असतात ते फक्त स्थिर हात आणि आधी पक्का केलेला क्रम. पुढे जे काही लिहिलं आहे ते या क्रमाबद्दलच आहे.

हे इतक्या आग्रहाने लिहिण्यामागे फिलँडो कॅस्टील आहे. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात, सेंट पॉलजवळच्या फॅल्कन हाइट्समध्ये त्याची गाडी थांबवली गेली. त्याच्याकडे पिस्तूल बाळगण्याचा वैध परवाना होता. अधिकाऱ्याने लायसन्स आणि इन्शुरन्स मागितलं. कॅस्टीलने इन्शुरन्सचा कागद दिला आणि शांतपणे, 'सर' म्हणून, आपल्याकडे बंदूक आहे असं स्वतःहून सांगितलं. अधिकारी म्हणाला, तिला हात लावू नकोस. कॅस्टील म्हणाला, मी ती काढत नाहीये. काही सेकंदांत त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या गेल्या. शेजारी त्याची मैत्रीण होती, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. ज्युरीने २०१७मध्ये त्या अधिकाऱ्याला निर्दोष ठरवलं. कॅस्टीलचं चुकलं म्हणून तो गेला असं मी मुळीच म्हणणार नाही. त्याने सांगितलं, आणि सभ्यपणे सांगितलं. मात्र त्या काही सेकंदांतून आपल्याला एक गोष्ट घेता येते. 'माझ्याकडे शस्त्र आहे' हे वाक्य आणि हाताची कुठलीही हालचाल एकाच वेळी घडू द्यायची नाही. कागद काढण्यासाठी हात आधीच निघालेला असेल आणि मग ते वाक्य आलं, तर समोरच्याला हात कशाकडे चालला आहे हे कळायला मार्ग उरत नाही.

सगळ्यात आधी: तुम्ही पिस्तूल बाळगू शकता का?

आपल्या लोकांच्या बाबतीत हा प्रश्न पहिला आहे, आणि इंग्रजी मार्गदर्शकांमध्ये तो बहुतेक वेळा नसतोच. केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ हे सगळे यात आले. ग्रीन कार्डाच्या रांगेत बारा वर्षं उभे असाल, आय-१४० (मालकाने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर असेल, घर स्वतःचं असेल, तरी तुम्ही एच-१बीवरच आहात. शिकारीचा वैध परवाना असणाऱ्यांसाठी कायद्यात अपवाद आहे. पण त्याच्या भरवशावर रोज पिस्तूल लावून फिरण्याआधी वकिलाशी बोला. "आमच्या राज्यात आता परमिटच (पिस्तूल बाळगण्याचा परवाना) लागत नाही" हा युक्तिवाद इथे चालत नाही. राज्याने परमिटची अट काढली म्हणून केंद्राची बंदी उठत नाही.

ग्रीन कार्डधारक आणि नागरिक बाळगू शकतात. पण एकाच घरात नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आणि बायको अजून एच-४वर, किंवा पुण्याहून आई-बाबा बी-२वर आलेले, असं चित्र आपल्याकडे सर्रास असतं. कायद्याच्या दृष्टीने ताबा म्हणजे फक्त हातात धरणं नव्हे. पिस्तूल कुठे आहे हे माहीत आहे, ते आपल्या आवाक्यात आहे आणि ते वापरायची मोकळीक आहे, असं दिसलं तरी ताब्याचा आरोप होऊ शकतो. म्हणून ग्लव्ह बॉक्समध्ये तुमचं पिस्तूल ठेवलेली गाडी एच-४वरच्या बायकोला किंवा एफ-१वरच्या भाच्याला किराणा आणायला देऊ नका. पिस्तूल तुमचं आहे. ते तुमच्या अंगावर राहील, नाहीतर किल्ली किंवा कोड फक्त तुमच्याकडे असलेल्या कुलूपबंद पेटीत.

सांगायचं की नाही, हे राज्यावर ठरतं

राज्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात.

पहिल्या गटात पोलिस समोर आला की विचारण्याची वाट न बघता स्वतःहून सांगावं लागतं. मिशिगन, नॉर्थ कॅरोलायना, नेब्रास्का, अलास्का या गटात येतात. न्यू जर्सीही येतं: २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा ब्रूएन निकाल आल्यावर तिथे सामान्य माणसाला परमिट मिळू लागलं, आणि त्यापाठोपाठ केलेल्या कायद्यात पोलिसाने थांबवताच सांगण्याची आणि परमिट दाखवण्याची अट घातली गेली. एडिसनमधल्या मंडळींनी हे नीट लक्षात ठेवावं.

दुसऱ्या गटात विचारलं तर सांगणं, किंवा मागितलं तर परमिट दाखवणं बंधनकारक. इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया या गटातली. ओहायोत पूर्वी स्वतःहून आणि तत्काळ सांगावं लागत असे. १३ जून २०२२पासून विचारलं तरच. टेक्सासचा नियम थोडा वेगळा आहे: पिस्तूल जवळ असताना अधिकाऱ्याने ओळखपत्र मागितलं की परमिटधारकाने ड्रायव्हिंग लायसन्ससोबत कॅरी लायसन्सही दाखवायचं. न दाखवल्याची शिक्षा २००९मध्येच काढली गेली आहे, तरी दोन्ही कार्डं एकत्रच पुढे करा.

तिसऱ्या गटात असं बंधन नाही, जॉर्जिया त्यातलं.

मग बंधन नसेल तिथे काय करावं? यावर परमिटधारकांमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, विचारल्याशिवाय बोलू नये, उगीच ताण वाढतो. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. अनेक ठिकाणी लायसन्स तपासताना तुमचं परमिट अधिकाऱ्याच्या स्क्रीनवर दिसतं. त्याला ते तिथून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं. आणि गाडीतून उतरायला सांगितलं, शर्ट वर सरकला आणि होल्स्टर दिसलं, तर ती वेळ फार वाईट. दोन्ही पक्षांना मान्य असलेली गोष्ट एकच: थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही.

राज्याची हद्द ओलांडताना हे सगळं नव्याने तपासावं लागतं. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क बाहेरच्या राज्यांची परमिटं मानत नाहीत. देशातून आई-बाबा आले की नायगारा ठरलेला असतो. पेनसिल्व्हेनियाच्या परमिटवर कंबरेला पिस्तूल लावून न्यू यॉर्कमध्ये शिरलात तर तो गंभीर गुन्हा आहे, आणि पलीकडे कॅनडाच्या हद्दीत तर विचारूच नका. त्या सहलीला पिस्तूल घरच्या तिजोरीत. १९८६च्या केंद्रीय कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना मधलं राज्य ओलांडायची मुभा दिली आहे, पण दोन्ही टोकांना बाळगणं कायदेशीर असेल तरच. पिस्तूल रिकामं हवं आणि ते काडतुसांसह हाताच्या आवाक्याबाहेर हवं. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद डब्यात, आणि ग्लव्ह बॉक्स किंवा कन्सोल हा असा डबा धरला जात नाही. हे कायदे दर वर्षी बदलतात. आपल्या राज्याच्या पोलिसांच्या किंवा ॲटर्नी जनरलच्या अधिकृत संकेतस्थळावर चालू नियम वाचा. मित्राने पाठवलेल्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका.

गाडीत काय कुठे असावं

थांबवल्यानंतरचं अर्धं काम इथेच होऊन जातं.

कागद आणि पिस्तूल एका ठिकाणी नकोत. रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवायची सवय सगळ्यांना असते, आणि नेमकं तिथेच पिस्तूल ठेवणारेही असतात. ते दार उघडताच अधिकाऱ्याला आधी काय दिसेल याचा विचार करा. कागद सन व्हायजरला लावलेल्या पाउचमध्ये ठेवा. पाकिटाचंही तसंच. होल्स्टर उजव्या कंबरेला असेल तर पाकीट मागच्या उजव्या खिशात नको. डाव्या खिशात ठेवा, त्याहून चांगलं म्हणजे गाडीत बसल्यावर ड्रायव्हिंग लायसन्स, कॅरी परमिट आणि ग्रीन कार्ड एका छोट्या कार्ड होल्डरमध्ये डॅशबोर्डवर ठेवा. अठरा वर्षांवरच्या ग्रीन कार्डधारकाने कार्ड कायम जवळ बाळगावं असा कायदाच आहे.

पिस्तूल ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये हवं. सीटखाली, कपहोल्डरमध्ये, दाराच्या कप्प्यात सुटं ठेवू नका.

आणि दारू. मंडळाच्या दिवाळी पार्टीला, कुणाच्या पन्नाशीला जाताना दोन पेग होणार असतील तर त्या दिवशी पिस्तूल घरी. मिशिगनमध्ये परमिटधारकासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०२ टक्के आहे. गाडी चालवण्यासाठी ती ०.०८ आहे. म्हणजे गाडी चालवायला चालेल इतकी घेतलेली दारूही पिस्तुलासोबत कायद्याचा भंग ठरू शकते.

दिवे दिसले

इंडिकेटर द्या, वेग कमी करा, उजव्या कडेला सुरक्षित जागा बघून थांबा. रात्री अंधार असेल तर हॅझर्ड लाइट लावून हळूहळू पुढच्या उजेडाच्या जागेपर्यंत जाता येतं. फार लांब मात्र जाऊ नका. गाडी पार्कमध्ये टाका, इंजिन बंद करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा. तुमच्या बाजूची काच पूर्ण खाली. मागच्या काचा गडद असतील तर त्याही खाली. मग दोन्ही हात स्टीअरिंगच्या वरच्या भागावर, बोटं पसरलेली. सीटबेल्ट तसाच.

एवढं झालं की थांबा. कागद शोधू नका. फोन उचलू नका. मागे वळून मुलांना काही सांगायचं असेल तर हात न हलवता तोंडाने सांगा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर फोन होल्डरवर आधीपासून असला पाहिजे. आता त्याला हात लावायची वेळ गेली.

घाबरून अनेकांना वाटतं की पिस्तूल कंबरेवरून काढून ग्लव्ह बॉक्समध्ये किंवा सीटखाली सरकवून टाकावं, म्हणजे अंगावर काही नाही. हे कधीही, कुठल्याही कारणाने करू नका. मागे थांबलेल्या गाडीतून अधिकारी तुमच्या खांद्यांकडेच बघत असतो. झुकणं, वळणं, सीटखाली हात जाणं, याचा त्याच्या प्रशिक्षणात एकच अर्थ आहे. पिस्तूल जिथे आहे तिथेच राहू द्या.

सांगण्याचं वाक्य

अधिकारी खिडकीपाशी आला. नमस्कार झाला. तो बहुधा लगेच लायसन्स मागतो. हात हलवण्याच्या आधी, हात स्टीअरिंगवर असतानाच, हे वाक्य:

"ऑफिसर, आय हॅव अ कॅरी परमिट अँड आय ॲम कॅरिंग. माय हँड्स विल स्टे हिअर. हाऊ वुड यू लाइक मी टू प्रोसीड?"

वाक्याची सुरुवात परमिटने होते याकडे लक्ष द्या. "आय हॅव अ गन" अशी सुरुवात करू नका. मागून ट्रक जात असेल, अधिकाऱ्याला एवढेच चार शब्द ऐकू आले, तर त्याला ती धमकी वाटू शकते. आपले उच्चार, ताणात वाढणारा बोलण्याचा वेग, हेही लक्षात घ्या. हळू बोला. त्याने बोललेला एक शब्दही कळला नाही तर अंदाजाने वागू नका, "सॉरी ऑफिसर, कुड यू रिपीट दॅट?" म्हणा.

तो विचारेल, पिस्तूल कुठे आहे? उत्तर शब्दांत: "राइट हिप, इन अ होल्स्टर." बोट दाखवायचं नाही, त्या दिशेने खाली बघायचंही नाही. मान डोलावून उत्तर देऊ नका. आपली आडवी-तिरपी मान इथल्या माणसाला 'हो' वाटेल की 'नाही' याची खात्री नसते. प्रत्येक उत्तर तोंडाने, "येस, ऑफिसर", "नो, ऑफिसर".

लायसन्स काढायला सांगितलं की आधी बोला, होकार ऐका, मग हलवा. "माय वॉलेट इज इन माय लेफ्ट बॅक पॉकेट. मे आय रीच फॉर इट?" तो "ओके" म्हणेपर्यंत हात जागेवर. मग एकच हात, सावकाश, दुसरा स्टीअरिंगवरच. ड्रायव्हिंग लायसन्स आणि परमिट एकत्र द्या. हात परत स्टीअरिंगवर.

दोन अधिकारी असतील आणि एक म्हणाला "डोंट मूव्ह", दुसरा म्हणाला "गेट युअर लायसन्स", तर हलू नका. मोठ्याने सांगा की दोन वेगवेगळ्या सूचना ऐकू आल्या, कुठली पाळू? हा प्रसंग वाचताना किरकोळ वाटतो, पण सरावात याच्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. घरी, उभ्या गाडीत, पिस्तूल तिजोरीत ठेवून, नवरा-बायकोने पाळीपाळीने अधिकारी होऊन हे बोलून बघा. इंग्रजीत, मोठ्याने. ताणात तोंडातून तेच बाहेर येतं जे आधी तोंडातून निघालेलं असतं.

पिस्तूल ताब्यात मागितलं तर

बऱ्याच वेळा अधिकारी एवढंच म्हणतो की तू तुझ्याला हात लावू नकोस, मी माझ्याला लावणार नाही, आणि काम पुढे चालतं. पण तपास होईपर्यंत पिस्तूल आपल्याकडे ठेवण्याचा निर्णय तो घेऊ शकतो. त्यावर वाद घालू नका.

पिस्तूल तुम्ही काढून देऊ नका. त्याने "हँड इट टू मी" म्हटलं तरी नम्रपणे सुचवा की हात वर ठेवून मी बाहेर येतो, तुम्हीच काढून घ्या. भरलेलं पिस्तूल बसल्या जागी, बेल्टखालून, दोन घाबरलेल्या माणसांमध्ये देणंघेणं हा अपघाताला दिलेला मोका आहे. उतरायला सांगितलं तर उतरावंच लागतं. १९७७च्या मिम्स खटल्यापासून चालकाला, आणि १९९७च्या विल्सन खटल्यापासून सोबतच्या प्रवाशांनाही, खाली उतरवण्याचा अधिकार पोलिसांना आहे. सीटबेल्ट सोडायला हात कंबरेपाशी जाणार, म्हणून तेही आधी सांगा: बेल्टचं बक्कल होल्स्टरच्या बाजूला आहे, काय करू?

परत देताना ते बहुधा रिकामं करून, मॅगझिन वेगळं, अशा रूपात मिळतं. तिथे भरत बसू नका. डिकीत किंवा मागच्या सीटवर ठेवा म्हणतील तर तसं करा, आणि अधिकारी गेल्यावर, पुढे कुठेतरी नीट थांबून, होल्स्टरमध्ये घाला. टेक्सासच्या कायद्यात तर स्पष्ट आहे की परमिटधारकाने काही गुन्हा केलेला नसेल आणि धोका नसेल, तर जाऊ देण्याआधी पिस्तूल परत द्यायचं.

झडतीला नाही म्हणणं

परमिट आहे म्हणून गाडीची झडती घ्यायला होकार द्यावा लागतो असं नाही. "डू यू माइंड इफ आय टेक अ लुक?" हा प्रश्न आहे, हुकूम नाही. आपल्या संस्कारात मोठ्या माणसाला, त्यातून गणवेशातल्या, 'नाही' म्हणणं जड जातं. पण तुम्ही 'हो' म्हटलंत की ती संमती होते आणि नंतर कोर्टात तिच्याविरुद्ध बोलायला फारसं काही उरत नाही. वाक्य: "ऑफिसर, आय डोंट कन्सेंट टू अ सर्च." एकदा, शांतपणे. तरीही त्याने झडती घेतलीच तर शरीराने अडवू नका. शस्त्राचा धोका वाटण्याला रास्त कारण असेल तर गाडीचा आतला भाग तपासता येतो असा १९८३चा निकाल आहे; ते कारण रास्त होतं का याचा निवाडा नंतर न्यायाधीश करतो. टिकिटाचं काम संपल्यावर नव्या संशयाशिवाय तुम्हाला रोखून धरता येत नाही, हे २०१५च्या रॉड्रिग्ज निकालात ठरलं आहे. "ॲम आय फ्री टू गो?" असं विचारता येतं.

मागच्या सीटवरचे आई-बाबा

इथे थोडा वेळ द्या, कारण खरी गडबड बहुतेक इथूनच होते. मुलाला पोलिसाने धरलं म्हटल्यावर बाबा दार उघडून बोलायला उतरतात. आई पर्समधून पासपोर्ट काढायला लागते, किंवा मराठीत जोरात विचारते, "काय म्हणतोय रे तो?" त्यांच्या मनात फक्त काळजी असते, अधिकाऱ्याला मात्र दिसतं न कळणाऱ्या भाषेतलं मोठ्या आवाजातलं बोलणं आणि पर्समध्ये गेलेला हात. विमानतळावरून घरी आणताना नको, पण पहिल्या लांबच्या ड्राइव्हच्या आधी त्यांना बसवून सांगा: पोलिस आला तर हात मांडीवर, दिसतील असे. बोलायचं नाही, उतरायचं नाही, पर्स उघडायची नाही. मी सांगेन तेव्हाच. त्याला पैसे देऊन मिटवायचा विषय तर चुकूनही नको. तो इथे सरळ गुन्हा आहे.

पिस्तूल तुमच्याजवळ आहे हे त्यांना आधीपासून माहीत असलं पाहिजे. ते पहिल्यांदा पोलिसासमोर कळणं फार वाईट. लपवून ठेवायचं असेल तर आई-बाबा असेपर्यंत लावूच नका.

नंतर

टिकीट मिळालं तर सही करा. सही म्हणजे कबुली नव्हे. कोर्टात येण्याची किंवा दंड भरण्याची ती हमी असते. अन्याय झाला असं वाटलं तरी वाद रस्त्यावर नको. नाव आणि बॅज नंबर टिकिटावर असतो. घरी पोचल्यावर त्याच दिवशी जागा, वेळ, कोण काय बोललं हे लिहून काढा आणि बॉडी कॅमेऱ्याच्या चित्रफितीसाठी त्या विभागाकडे अर्ज करा; या फिती ठरावीक काळानंतर पुसल्या जातात, म्हणून उशीर नको.

प्रकरण टिकिटापुढे जाऊन पिस्तुलाशी संबंधित आरोप लागला, तर 'दुसऱ्या राज्यात होतो, माहीत नव्हतं' असं स्पष्टीकरण देत बसू नका. "आय वुड लाइक टू स्पीक टू अ लॉयर" एवढं म्हणून गप्प राहा. ग्रीन कार्डधारकासाठी इथे आणखी एक खाच आहे. शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे इमिग्रेशन कायद्यात देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे, शिक्षा किती लहान हे तिथे बघितलं जात नाही. फौजदारी वकील "फक्त दंड आणि प्रोबेशनवर मिटवतो, गुन्हा कबूल करून टाक" म्हणाला, तर ते नागरिकाला परवडेल, तुम्हाला कदाचित नाही. हद्दपारीच्या धोक्याबद्दल आपल्या अशिलाला सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या पडिला खटल्यात म्हटलं आहे. तरी त्याच्यावर न थांबता, कुठलीही कबुली देण्याआधी, वेगळ्या इमिग्रेशन वकिलाला कागद दाखवा.